न हलता केलेलं काम

मैत्रिणींनो, वर्गातल्या एखाद्या पोरीने तुम्हांला कधी निरुत्तर केलं आहे? मला केलं, आणि तेही अशा विषयात की ज्याच्याशी दहावीनंतर माझा काडीचा संबंध उरला नव्हता.

मी बी. ए. झालेली, मराठी घेऊन. सासर पोंभुर्ण्याला. घर सांभाळून जवळच्या एका शाळेत तासिकेवर शिकवायला जाते. तासिकेवरच्या बाईने ‘हा माझा विषय नाही’ असं म्हणायचं नसतं. जो वर्ग रिकामा, तो तिचा! तर त्या जुलैत विज्ञानाचे सर प्रशिक्षणाला गेले, आणि सातवीचा स्नायूंचा पाठ माझ्या गळ्यात पडला. रोवणीचे दिवस. आमच्या भागात त्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर असतो. कुणी पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत नेऊन टाकायला गेलेलं, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. उरलेल्या पंधरा-वीस पोरांसमोर मी फळ्यावर छान अक्षरात लिहिलं, ‘स्नायू आकुंचन पावतात व शिथिल होतात, त्यामुळे शरीराची हालचाल होते.’

मागच्या बाकावरून एक पोरगी उभी राहिली. “मॅडम, हालचाल नसन होत तं स्नायू काम नाही करत का?”

“म्हणजे?”

“माही माय दिवसभर वाकून रायते रोवणीत. हात हालतात, कंबर तं हालत नाही तिची. मंग घरी आली का कंबरच कावून धरते?”

पोरं हसली. मीही हसले, आणि ‘उद्या सांगते’ म्हणून मोकळी झाले. ‘उद्या सांगते’ हे आम्हां शिक्षकांचं सगळ्यांत सोयीचं वाक्य. दुसऱ्या दिवशी सर परत आले, पाठ त्यांच्याकडे गेला आणि माझी सुटका झाली.

रात्री वाढताना मी सहज ह्यांना विचारलं. हे बी. एस्सी., त्यामुळे घरातलं विज्ञानखातं ह्यांच्याकडे. म्हणाले, “काम म्हणजे बल गुणिले विस्थापन. वस्तू जागची हललीच नाही, तर विस्थापन शून्य आणि कामही शून्य.” आणि वर मिस्कीलपणे, “त्या हिशेबाने तू दोन तास ओट्याशी उभी होतीस ना, तेही शून्यच!”

आता यावर काय बोलायचं? भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ते बरोबर आहे, हेही नंतर कळलं. पण माझ्या पोटऱ्या ते पुस्तक वाचत नव्हत्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच वेळी घरात सासूबाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. जूनच्या शेवटी, पहिल्याच मोठ्या पावसात त्या अंगणात घसरल्या. नडगीचं हाड मोडलं. चंद्रपूरला नेलं, मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे. निघताना तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, “आजी, गुडघा हलवायचा नाही. आतल्या आत नुसती मांडी आवळायची, सहापर्यंत मोजायचं आणि सोडायची. दर तासाला दहा वेळा.” कागदावरही लिहून दिलं होतं.

सासूबाई गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाल्या, “हालवाचा बी नाही अन् व्यायाम बी कराचा, हे कसं होते व बाई?” मला त्यात विनोदच दिसला. तो कागद मी बिलांच्या पिशवीत ठेवला, ती पिशवी कपाटात ठेवली, आणि सासूबाईंना गादीवर ठेवलं. त्यांना काडी इकडची तिकडे करू दिली नाही. सुनेने यापेक्षा जास्त काय करावं? येणारे-जाणारे कौतुक करत होते, आणि खरं सांगते, मला ते आवडतही होतं.

ऑगस्टमध्ये प्लॅस्टर कापलं. हाड छान जुळलं होतं. पण आतून जो पाय निघाला तो बघून माझ्या पोटात कालवलं. मांडी अशी लोंबत होती की जणू दुसऱ्याच कुणाची. मॅडमनी टेप घेऊन दोन्ही मांड्या मापल्या. दीड इंचाचा फरक! “आजी, मांडी आवळत होतात ना?” त्यांनी विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्या उभ्या राहायला गेल्या आणि गुडघा कागदासारखा दुमडला. हाड भक्कम, पण त्यावर उभं राहायला ओढून धरणारं काही नाही. तिसऱ्या दिवशी त्या ह्यांना म्हणाल्या, “बांधी देऊन टाक ठेक्यानं. मी काही आता धुऱ्यावर चढत नाही.” आमची धानाची बांधी दीड एकराची. सासरे गेल्यापासून ती सासूबाईंनीच राखली. पिकापेक्षा तिथं रोज जाऊन धुऱ्यावर उभं राहणं हेच त्यांचं असणं. त्या वाक्याने मी रात्रभर जागी राहिले. मग विज्ञानाच्या सरांकडून पुस्तकं मागून आणली, मोबाईलवर धुंडाळलं, आणि पुढच्या खेपेला मॅडमना इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. जे कळलं ते तुम्हांला सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी आज कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये असेलही.

पहिली गोष्ट, स्नायूला ढकलता येत नाही. त्याला फक्त ओढता येतं. दार ढकलताना आपल्याला वाटतं हात ढकलतोय, पण दंडाच्या मागचा स्नायू कोपराचं हाड ओढतो म्हणून हात सरळ होतो. शरीरात असे सहाशेहून अधिक स्नायू आहेत आणि सगळे फक्त ओढतात. ओढल्यावर काय व्हायचं ते समोरच्या ओझ्यावर ठरतं. ओझं हलकं असेल तर स्नायू आखूड होतो आणि ओझं उचललं जातं. ओझं ताणाच्या तोडीस तोड असेल तर काहीच हलत नाही, पण ताण मात्र असतोच. आणि ओझं वरचढ असेल तर स्नायू ओढत असतानाच लांब होत जातो. म्हणजे फळ्यावर मी लिहिलेलं वाक्य अर्धंच होतं. स्नायूचं मूळ काम ताण निर्माण करणं. हालचाल झाली तर झाली.

आत काय चालतं? रस्सीखेच आठवा. स्नायूच्या धाग्यात अतिसूक्ष्म जाड आणि बारीक तंतू एकमेकांत शिरलेले असतात. जाड तंतूंना हातांसारखे फुटवे असतात. ते बारीक तंतूला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी मांडलं. त्यातल्या एका जोडीत जीन हॅन्सन नावाच्या बाई होत्या, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आता रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच बळाच्या असल्या की दोर इंचभर सरकत नाही, पण गडी घामाघूम होतातच ना? तसंच. प्रत्येक धर-ओढ-सोडीला शरीराचं इंधन जळतं, दोर हलो न हलो. ह्यांचं ‘काम शून्य’ बाहेरच्या वस्तूच्या हिशेबाने खरं. आतला हिशेब त्यात धरलेलाच नाही.

आणि ओढ किती लागते, हे ऐकलं तर तुम्ही थक्क व्हाल. कोपरातून हात काटकोनात वाकवून पिशवी धरा. ती पेलणारा दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम दीड-दोन इंचांवर हाडाला चिकटलेला, आणि पिशवी तेरा-चौदा इंचांवर. तरफेचा नियम लावला की पाच किलोच्या पिशवीसाठी स्नायूला पस्तीस-चाळीस किलोंची ओढ द्यावी लागते! आठवडी बाजारातून आल्यावर नवऱ्याने ‘पाचच किलो तर होतं’ म्हटलं, तर त्याला हे सांगा.

एवढा मोठा स्नायू हलकी सुई आणि भरलेली घागर दोन्ही कसा पेलतो, हाही मोठा मौजेचा भाग आहे. एकेक धागा स्वतः कमी-जास्त करू शकत नाही. निरोप आला की तो त्या घडीला असेल तेवढ्या पुऱ्या जोराने ओढतो, नाही तर ओढतच नाही. पण मेंदू आणि मज्जारज्जूच्या हातात दोन कळा आहेत. एक म्हणजे किती धागे कामाला लावायचे. एका चेतापेशीच्या हाताखाली धाग्यांची एक तुकडी असते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत तुकडी जेमतेम दहा-बारा धाग्यांची, म्हणून नजर इतकी नेमकी. पोटरीत एकेका तुकडीत हजारावर धागे. काम हलकं असलं की आधी लहान तुकड्या येतात, त्या सावकाश ओढणाऱ्या पण चिवट. ओझं वाढलं की मोठ्या, जोरकस, पण लवकर थकणाऱ्या. लग्नघरी नाही का, आधी घरच्या बाया, मग शेजारच्या, आणि अगदीच पंगत अंगावर आली की सारी आळी! हा क्रम अमेरिकेतल्या हेनमन यांनी दाखवून दिला, ही गोष्ट १९५७ ते १९६५ च्या काळातली.

दुसरी कळ म्हणजे निरोप किती भराभर पाठवायचे. एका निरोपाने स्नायू एकदा झटका देतो आणि सैल पडतो, सेकंदाच्या दहाव्या भागात सगळा खेळ. बोरिंगवर एकच हापसा मारला तर पाण्याची एक पिचकारी येते आणि थांबते. पण लागोपाठ हापसलं की धार सलग होते, आणि जाडही होते. स्नायूचंही तसंच. पहिला झटका सैल पडायच्या आत दुसरा, तिसरा आला की ताण एकावर एक चढत जातो आणि शेवटी सलग एकसंध ओढ मिळते. इंग्रजीत या सलग ओढीला ‘टिटॅनस’ म्हणतात. हो, आपण गरोदरपणी ज्याचं इंजेक्शन घेतो त्या धनुर्वाताचंच नाव. त्या रोगात जंतूंचं विष ‘आता सोडा’ म्हणणारी यंत्रणाच बंद पाडतं, म्हणून सगळे स्नायू ओढलेलेच राहतात आणि पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. दोन्हींना एकच नाव का, ते मला तेव्हा कुठे उमगलं.

एक प्रयोग इथंच करून बघा. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट आतल्या बाजूला पुरतं दुमडून पुन्हा आवळून बघा. जमत नाही ना? बोटं मिटवणारे स्नायू आधीच आखूड झालेले, तंतूंना पुढे सरकायला जागाच उरलेली नाही. आणि मागचे, बोटं उघडणारे स्नायू ताणून बसलेले. स्नायूचा खरा जोर त्याच्या मधल्या लांबीला असतो. मी इतकी वर्षं चादरी मनगटं दुमडून पिळत होते आणि वर मनगटांनाच दोष देत होते. आता हात सरळ धरून पिळते. बरणीचं घट्ट झाकण उघडतानाही हेच.

आता त्या पोरीच्या प्रश्नाकडे येते. हलता स्नायू आखडतो, सैल पडतो, पुन्हा आखडतो. तो सैल पडतो त्या क्षणी रक्त आत शिरतं, प्राणवायू आणि इंधन घेऊन. पण धरून ठेवलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबून ठेवतो. ताण बेताचा असेल तर तुकड्या आळीपाळीने काम करतात, एक ओढते तेव्हा दुसरी विसावते, आणि आपण बराच वेळ निभावून नेतो. ताण वाढला की विसावा संपतो. पुऱ्या ताकदीच्या निम्म्यावर धरून ठेवलं तर साधारण एका मिनिटात स्नायू जेरीला येतो. म्हणून पोरगं घेऊन चालण्यापेक्षा पोरगं कडेवर घेऊन रांगेत उभं राहणं जिवावर येतं. आपण सगळ्याच जणी हे जाणतो. फक्त आपल्याला वाटतं की आपणच नाजूक.

ह्यांना मी हे तोंडी सांगितलं नाही. एक किलो साखरेचा पुडा दिला आणि म्हटलं, हात समोर आडवा करून धरा बघू. पहिलं मिनिट हसण्यात गेलं. दुसऱ्या मिनिटाला हात थरथरू लागला. तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत पुडा ओट्यावर. “विस्थापन किती झालं?” मी विचारलं. ते काही बोलले नाहीत, दंड चोळत राहिले. त्या दिवसापासून ओट्याजवळ एक उंच स्टूल आलं आहे. पोळ्या लाटताना उभीच असते मी, पण निवडणं-चिरणं त्यावर बसून होतं.

रोवणीचं मात्र याहून गुंतागुंतीचं निघालं. माणूस अर्धवट वाकलेला असतो तेव्हा पाठीच्या कण्यालगतचे स्नायू दोरासारखे ताणून धड पेलतात. आपण केर काढताना, खालच्या नळावर बादली भरताना असेच अर्धवट वाकतो. पण पुरतं खाली वाकलं की एक विचित्र गोष्ट घडते. ते स्नायू चक्क गप्प होतात! लंडनच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी १९५० च्या दशकात पाठीवर तारा लावून स्नायूंतली वीज मोजली, तेव्हा हे नीट दिसून आलं. मग धड कशावर लटकतं? मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर आणि आपोआप ताणल्या गेलेल्या ऊतींवर. मांडीच्या मागचे स्नायू तेवढे ओढत असतात. हे अस्थिबंध दिवसभर ताणले की ढिले पडतात, आणि लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून त्या पोरीची माय उठताना कंबर धरते. कंबर हलली नाही म्हणून दुखायची राहत नाही. हलली नाही म्हणूनच दुखते.

मी त्या पोरीला वर्गाबाहेर गाठून हे सांगितलं, महिना उलटून गेल्यावर. म्हटलं, मायला सांग, दर थोड्या वेळाने सरळ उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून हलकेच मागे वाकायचं. आणि एकदम जड पेंडी उचलायची नाही, आधी चार पावलं चालायचं. दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली. माय म्हणाली, “मॅडमले म्हणा, रोवणी ठेक्यानं घेतली हाये. एक उभी रायली तं अख्खी ओळ थांबते.” मी गप्प झाले. खरं आहे. ओळीतल्या बाया गाणं म्हणत एका तालात मागे सरकत जातात, तिथं एकटीने उभं राहणं सोपं नाही. सगळ्यांनी मिळून उभं राहायचं ठरवलं तरच व्हायचं. आम्ही आमच्या दीड एकरात पुढच्या वर्षी ते केलं. प्रत्येक पट्टा संपला की सगळ्यांनी धुऱ्यावर यायचं, पाणी प्यायचं. रोवणी अर्धा दिवस जास्त चालली, असं ह्यांचं म्हणणं. माझ्या मते तेवढी नाही.

सासूबाईंची गोष्ट राहिली. स्नायूवर ताण येत राहिला तर शरीर त्याला सांभाळतं. ताण आलाच नाही तर शरीर मोठं व्यवहारी, ते त्याला मोडीत काढतं. हाताला हलवायचं की नाही याच्याशी त्याला देणं-घेणं नाही, ताण आला का, एवढंच ते बघतं. प्लॅस्टरमधली मांडी हलू शकत नव्हती, पण आवळता येत होती. सहा आकडे मोजण्याइतका तो ताण पुरला असता. १९५३ साली जर्मनीत डॉर्टमुंडच्या हेटिंगर आणि म्युलर यांनी सांगितलं होतं की दिवसातून एकदा, सहा सेकंद, पुऱ्या जोराच्या दोन-तृतीयांश ताण दिला तरी ताकद वाढते, आठवड्याला पाच टक्के. पुढच्या लोकांना एवढी वाढ मिळाली नाही, आकडा फुगलेला निघाला. पण न हलताही ताकद टिकते आणि वाढते, हे खरं ठरलं. त्यात सासूबाईंची पासष्टी उलटलेली. पन्नाशीनंतर स्नायू तसेही वर्षाला साधारण टक्काभर झिजतात, तरुण मांडी भरून येते तितक्या लवकर म्हातारी मांडी येत नाही. हे सगळं त्या बिलांच्या पिशवीत, कपाटात पडून होतं.

असो. आम्ही सुरुवात केली. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे, सहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. तुम्ही घरी करणार असाल तर एक सांगते, आवळताना श्वास रोखायचा नाही. मोठ्याने मोजलं की आपोआप रोखला जात नाही. धरून ठेवलेल्या ताणाने रक्तदाब चढतो, म्हणून ज्यांना दाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि मोडलेल्या हाडाच्या बाबतीत तर त्यांनी सांगितल्याशिवाय काहीच करू नये. सासूबाई आकडे मोजण्याऐवजी आपल्या बहिणी आणि जावांची नावं घ्यायच्या, बरोबर सहा होतात. धाकट्या जावेच्या नावावर मांडी जरा जास्तच आवळली जाते असं माझं निरीक्षण आहे.

पण एकाच स्थितीत आवळलं तर ताकद मुख्यतः त्याच स्थितीपुरती वाढते. म्हणून महिन्याभराने मॅडमनी खुर्चीवरून उठणं-बसणं सुरू केलं. त्यातही, “उठणं राहू दे आजी, बसणं सावकाश करा, धपकन नको.” बसताना मांडीचा स्नायू ओढत ओढत लांब होतो. ओझं आपल्याला हरवत असतं आणि आपण त्याला हळूहळू हरू देतो. याचा एक झकास प्रयोग १९५२ साली इंग्लंडात झाला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचं, दुसऱ्याने ते नुसतं अडवून धरायचं. ॲबट, बिगलँड आणि रिची असे तिघे संशोधक, त्यांतल्या ब्रेंडा बिगलँड या बाई. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवला, तेव्हा अडवणाऱ्या एका लहानखुऱ्या मुलीने पायडल मारणाऱ्या धिप्पाड तरुणाला बघता बघता दमवून टाकलं! कारण अडवून धरताना तेवढ्याच ताणाला कमी धागे आणि कितीतरी कमी प्राणवायू लागतो. पण प्रत्येक धाग्यावर भार जास्त पडतो, सवय नसेल तर बारीक इजा होते, आणि म्हणून दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. गड उतरून आल्यावर मांड्या बोलतात त्या याच कारणाने. त्याला लॅक्टिक आम्ल साचलं म्हणतात, ते काही खरं नाही. ते तर तास-दोन तासांत निघून जातं.

सासूबाईही दोन दिवस मांड्या चोळत मला बोलत होत्या. मी ऐकून घेतलं. माझ्याकडे तेवढं देणं लागत होतंच.

धान कापणीला आलं तेव्हा त्या काठी घेऊन बांधीवर आल्या. टेपचा फरक तोवर पाऊण इंचावर आला होता. धुऱ्यावर त्या स्वतःच चढल्या, कुणाला हात लावू दिला नाही, आणि बराच वेळ उभ्या राहून बायांना सूचना देत होत्या. निघताना उताराच्या तोंडाशी थांबल्या आणि न बोलता हात पुढे केला. चढताना आता त्यांना माझा हात लागत नाही. उतरताना अजून लागतो.